धोंड्याच्या खाली तीन हात

माझी जीभ आधी चालते आणि डोकं मागून येतं. घरचे हे तोंडावर सांगतात, शाळेतले माझ्या पाठीमागं. बावीस वर्षं मी गणित शिकवतेय आणि त्यातली निम्मी तरी आरडाओरड्यात गेली असतील. पण माझ्या तासाला कुणी डुलक्या काढत नाही, एवढं मी स्वतःच्या बाजूनं बोलते.

आमची शाळा येलदरी धरणाच्या काठावरच्या एका गावात आहे. गावाच्या एका अंगाला कापूस-सोयाबीनची शेतं, दुसऱ्या अंगाला पाणी. माझं माहेर तिकडं देवगाव फाट्याजवळचं, किराणा दुकानाचं लिंगायत घर, गळ्यात लिंग, पूजा झाल्याशिवाय चहासुद्धा नाही. मासळीचा वास लहानपणी नाकाला माहीत नव्हता आणि नोकरी मिळाली ती नेमकी मासेमारांच्या गावात. पहिलं वर्षभर मी नाकाला पदर लावून बाजारातून जायची. आता वासाची सवय झाली, पण खायचं नाव काढू नका.

शाळेत गेल्या वर्षीपर्यंत खिचडी शिजवायला एक बाई होती. पस्तिशीची असेल. पोरं तिला मावशी म्हणायची म्हणून आम्ही शिक्षकही मावशीच म्हणायचो. काठावरच्याच एका मासेमाराची ही लेक. नववीत असताना गावातल्या गावात लग्न करून दिलं, शाळा सुटली. नवरा जिंतूरच्या फेऱ्या मारणारी जीप चालवायचा. स्वयंपाकखोलीची खिडकी आठवीच्या वर्गाला लागून होती. मी फळ्यावर काही विचारलं की पोरांच्या आधी खिडकीतून उत्तर यायचं, आणि पाठोपाठ भांडं आपटल्याचा आवाज, कारण आपण मधात बोललो याची तिला लाज वाटायची. मी वर्गावर ओरडायची, "बघा, ती खिचडी शिजवता शिजवता सांगते, तुमी नुसते खाता."

गावची आशाताई वय झाल्यामुळं काम सोडणार, अशी बोलवा उठली तेव्हा मावशी माझ्याकडं आली. घरोघरी जाऊन बाळंतिणी आणि तान्ही लेकरं बघायची, असं ते काम. त्या जागेला दहावी पास लागत होतं.

"बाई, मला त्या जागेवर जायचंय," ती म्हणाली. "माझं पयलं लेकरू आठव्या दिवशी गेलं. दूध वढत न्हवतं, सुकत चाललं व्हतं. आमाला कळंना, आन् सांगायला दारात कोणी आलं न्हाई." एवढं बोलून ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. दुसऱ्या दिवशी मी तिच्या नावानं बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून टाकला.

बाकीच्या विषयांची मला फिकीर नव्हती. घोडं अडायचं ते गणितात, आणि गणितात चिन्हांपाशी. तशी ती तोंडी पक्की होती. अमुक पोरं हजर असली तर किती तांदूळ, किती डाळ, हे ती बोलता बोलता सांगायची. पण कागदावर आकड्याच्या आधी ती छोटीशी आडवी रेघ आली की तिचा हात थांबायचा. पेन तसंच धरून ती माझ्या तोंडाकडं बघत राहायची.

शाळा सुटल्यावर आम्ही स्वयंपाकखोलीच्या ओट्यावर बसायचो. एक दिवस तिनं विचारलं, "बाई, उणं पाच म्हंजी नेमकं किती?"

"शून्याहून पाच कमी."

"शून्य म्हंजी काईच न्हाई. मग काईच न्हाई, त्याच्याहून कमी ते काय असंल?"

मी म्हणाले, हे नियमानं चालतं, तू त्यात डोकं घालू नको. तिनं घातलंच. "पेपरात येतं न्हवं का, धरण उण्यात गेलं म्हणून? पण बाई, उण्यात तर मासळी लय गावती. पाणी उतरलं की समदी डोहात गोळा व्हती. माझे भाऊ तवा थर्माकोलचा तराफा भरून आणत्यात."

ती खरंच सांगत होती. उन्हाळ्यात आमच्याकडच्या पेपरात धरणांचा तक्ता येतो. कालव्याला सोडण्याजोगं पाणी संपलं की टक्क्यांच्या आकड्याआधी उणे लिहितात, म्हणजे धरणात पाणी असतं, फक्त एका ठरलेल्या पातळीच्या खाली गेलेलं असतं. हा तक्ता मी रोज चहाबरोबर वाचायची. पण वाचणं वेगळं आणि डोक्यात शिरणं वेगळं. त्या दिवशी माझे सहा तास झाले होते, वर मुख्याध्यापकांची मीटिंग झाली होती, आणि समोरची बाई मला मासळी सांगत होती. माझं डोकं फिरलं.

"मासळी काढ आधी डोक्यातून," मी ओरडले. "शून्याच्या खाली काही नसतं. नुसती कागदावरची चिन्हं असतात. ऋण गुणिले ऋण धन, धन गुणिले ऋण ऋण. पाठ कर आणि मोकळी हो."

"बरं बाई," ती म्हणाली आणि खाली मान घालून वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं नियम लिहून घेतले.

मार्चमध्ये तिनं परीक्षा दिली. पोरांच्या बाकावर बसून, नऊवारी नाही की पाचवारी नाही, लेकीचा पंजाबी ड्रेस घालून. मे महिन्यात निकाल लागला तेव्हा मराठी, हिंदी, सामाजिक शास्त्र, विज्ञान, सगळं निघालं होतं. इंग्रजीत तर तिनं मला चकित केलं. गणितात बत्तीस. पासाला पस्तीस.

"जाऊ द्या बाई," ती म्हणाली. "मला न्हाई ते जमत. नाहक तुमाला बेजार केलं."

मी आधी बोर्डावर चिडले. तीन मार्कांसाठी एका बाईला अडवता, तुमच्या घरचं काय जातं, असं ऑफिसातल्या कॉम्प्युटरसमोर बसून मी बडबडत होते. तिच्या उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवली. पेपर तपासणाऱ्यानं कुठंतरी मार्क खाल्ले असणार, याची मला खात्री होती. ई-मेलवर प्रत आली त्या दिवशी मी लाल पेन घेऊनच बसले.

तपासणाऱ्यानं काहीही खाल्लं नव्हतं. एका प्रश्नात अंकगणिती श्रेढी दिली होती, वीस, पंधरा, दहा, अशी पाच-पाचनं उतरणारी, आणि तिचं आठवं पद विचारलं होतं. तीन मार्कांचा प्रश्न. मावशीला सूत्र आठवलं नसावं, म्हणून तिनं एकेक पद लिहीत नेलं होतं. वीस, पंधरा, दहा, पाच, शून्य. तिथं ती थांबली होती. सहावं, सातवं आणि आठवं पद, एवढंच उरलं होतं. त्याच्या जागी तिच्या गोल गोल अक्षरात एक ओळ होती.

'यापुढे पद नाही. कारण शून्याच्या खाली काही नसते.'

मी ती ओळ पुन्हा वाचली. माझंच वाक्य होतं, फक्त 'नसतं'चं तिनं परीक्षेला शोभेलसं 'नसते' केलं होतं. मला इतकी लाज वाटली की कॉम्प्युटरवरची खिडकी मी पटकन बंद केली, कुणी बघू नये म्हणून. पोरांना मी नेहमी म्हणते, उत्तर चुकलं तर कुठल्या पायरीवर चुकलं ते शोधा. इथं ती पायरी मी होते. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तिनं विश्वास ठेवला नसता, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं असतं. बाईंनी सांगितलं म्हणून तिनं ते खोडलं.

प्रतीची प्रिंट घेऊन मी तिच्या घरी गेले तर ती बापाकडं काठावर गेलेली. ऐन उन्हातून मी उतारावरून खाली निघाले. पाणी एवढं मागं गेलं होतं की पूर्वी जिथं लाटा लागायच्या तिथून कितीतरी वेळ भेगाळलेल्या गाळातून चालावं लागलं. तिचा बाप एका खोपटाच्या सावलीत जाळं दुरुस्त करत बसला होता, ती शेजारी सुताच्या गुंड्या करून देत होती. मला बघून ती दचकून उभी राहिली.

"ह्याच व्हय गणिताच्या बाई?" म्हातारा म्हणाला. "आमची लेक लय भिती तुमाला."

मी आपलं पाण्याकडं बघून म्हणाले, "लय उतरलं की हो यंदा."

"धोंड्याच्या खाली तीन हात," तो म्हणाला.

"कुठल्या धोंड्याच्या?"

त्यानं हनुवटीनं दाखवलं. उतारावर एक मोठा काळा दगड होता, त्यावर चुन्याचा जाड पट्टा ओढलेला. दरवर्षी उन्हाळ्यात तो उघडा पडला की ते त्याला नवा चुना लावतात, म्हातारा सांगत होता. काठावरचे सगळे मासेमार पाणी त्याच धोंड्यापासून मोजतात. पावसाळ्यात धोंड्याच्या वर पाच हात, सात हात. उन्हाळ्यात खाली दोन, खाली तीन. वर असताना जाळं एका बाजूला टाकायचं, खाली असताना डोहाकडं.

"आणि पाणी बरोबर पट्ट्याला असलं तर?"

"तर काय. वर न्हाई, खाली न्हाई. बरुबर."

"पण हाच धोंडा का?" मी विचारलं.

"माझ्या बापाचं खोपटं हितं व्हतं. पाणी हितवर आलं की खोपटं हलवायचं, म्हणून त्यानं हितं चुना लावला. खोपटं वर असतं तर वर लावला असता."

मी तिथंच गाळावर बसले. साडी खराब झाली ती झालीच. शून्य म्हणजे काही नाही, असं मी इतकी वर्षं पोरांना सांगत आले होते. इथं शून्य म्हणजे कुणीतरी सोयीनं चुना लावलेला दगड होता. आणि त्या दगडाच्या खाली, नजर पोचेल तिथवर, पाणीच पाणी होतं.

मावशी घाबरून पाणी घेऊन आली. मी तिला प्रत दाखवली, ती ओळ दाखवली. "ही चूक तुझी नाही," मी म्हणाले. "माझी आहे. तू उण्यात मासळी असते म्हणालीस ते बरोबर होतं. मला ते कळलं नाही, म्हणून मी तुझ्यावर ओरडले."

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग ओळीकडं, मग धोंड्याकडं. "म्हंजी बाई," ती हळूहळू म्हणाली, "शून्य हा धोंडा हाय? आन् उणं पंधरा म्हंजी धोंड्याच्या खाली पंधरा?"

"हो."

"एवढंच व्हय?"

"एवढंच."

ती हसली नाही. मला वाटलं रडेल, पण तेही नाही. बापाकडं वळून तिनं विचारलं, "आबा, रोज किती उतरायलंय?" तो म्हणाला, चार बोटं. ती काही वेळ बोटांवर मोजत बसली. "रोज उणं चार. आता दोन दिवस पुढं गेलं तर खाली आठ बोटं. आन् दोन दिवस मागं गेलं तर..." ती थांबली. "मागं म्हंजी उणं दोन दिवस. परवा पाणी आजच्यापेक्षा आठ बोटं वर व्हतं. उणं चार, उणं दोन वेळा, वर आठ. बाई, तुमचा तो ऋण ऋण धन ह्योच का?"

हाच. आणि खरं सांगायचं तर तो नियम मलाही त्याच क्षणी कळला. कॉलेजात मी त्याची सिद्धता लिहून मार्क मिळवले होते, पण असं कुणी विचारलं असतं की का, तर मी त्याच्यावरही ओरडले असते. म्हातारा जाळ्यातून मान वर न करता म्हणाला, "ह्यात काय शिकायचंय? हे तर आमी रोज करतो."

पुढचा दीड महिना आमची शिकवणी त्या धोंड्यापाशीच झाली. आलेखाचा कागद समोर धरला की ती म्हणायची, "आडवी रेघ म्हंजी चुन्याचा पट्टा." मग वर-खाली कुठलाही बिंदू ती धडाधड मांडायची. मी एकदाही ओरडले नाही असं म्हणणार नाही, पण ओरडण्याआधी तिला विचारायला शिकले, "तुला काय दिसतं ते आधी सांग." हे मला कुठल्याही ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नव्हतं.

जुलैत तिनं फेरपरीक्षा दिली. निकालाच्या दिवशी ऑफिसात तिच्यासोबत निम्मी शाळा गोळा झाली होती. गणितात एकावन्न. पोरांनी टाळ्या वाजवल्या, शिपायानं पेढे आणले. ती मात्र कॉम्प्युटरकडं बघत उभी होती. सगळे पांगल्यावर तिनं मला विचारलं, "बाई, म्हंजी मार्चातबी मला येत व्हतं की?"

खोटं बोलता आलं असतं. "हो," मी म्हणाले. "येत होतं."

तिनं मान हलवली आणि पेढ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. त्यावर ती पुन्हा कधी बोलली नाही. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

जागा तोवर भरली गेली नव्हती, ते आमचं नशीब. दिवाळीनंतर ती गावची आशा झाली. खिचडीला दुसरी बाई आली आणि आठवीच्या खिडकीतून उत्तरं यायची बंद झाली.

त्याच हिवाळ्यात माझी लेक पहिल्या बाळंतपणाला आली. मुलगी झाली. जन्माच्या वेळी वजन चांगलं पावणेतीन किलो होतं. बाळाला घरी आणलं, आणि जन्माच्या तिसऱ्या दिवशी मावशी आली, खांद्याला पिशवी, त्यात काटा आणि झोळी. आधी तिनं रिकामी झोळी काट्याला अडकवली आणि सुई शून्यावर आणून ठेवली. "खूण नीट पायजे," ती स्वतःशीच पुटपुटली. मग बाळाला झोळीत घातलं. जन्माच्या वजनाहून एकशे तीस ग्रॅम कमी भरलं.

लेक रडायला लागली. आणि मी, शहाणी, तिच्यावरच घसरले. "पाजायला येत नाही का नीट? किती वेळा सांगितलं," असं काहीतरी. भीतीनं माझं तोंड सुटतं, हा माझा स्वभाव.

"बाई," मावशी म्हणाली, "तुमी जरा गप बसा."

मला असं गप बसवणारं माणूस शाळेत अजून जन्मलेलं नाही. मी गप बसले. ती लेकीजवळ खाली बसली, बाळाला तिच्या छातीशी नीट धरायला लावलं, आणि वहीत जन्माच्या वजनाच्या जागी एक आडवी रेघ ओढून तिला दाखवली. "ही आपली खूण. पयल्या दिवसांत समदी लेकरं हिच्या थोडी खाली जात्यात. गेलं म्हंजी संपलं असं न्हाई. रोज पाजायचं, आन् मी येऊन बघायचं. वर यायला लागंल." सातव्या दिवशी ती पुन्हा आली. साठ ग्रॅम कमी. वर यायला लागलं होतं.

ठरलेली पुढची भेट थेट चौदाव्या दिवशी होती. पण आठव्या दिवशी सकाळीच दारात मावशी उभी. "आज कशी काय?" लेकीनं विचारलं. "सहज," ती म्हणाली. मला माहीत होतं, आठवा दिवस आहे, सहज नाही. माझी नात आज घरभर रांगते, डबे पाडते, त्यामुळं मी हे निवांतपणे लिहू शकते. पण त्या सकाळी मावशीनं काटा काढण्याआधी वाकून बाळाचा श्वास बघितला, ते फक्त मला दिसलं.

तिनं झोळी अडकवली, सुई शून्यावर आणली, बाळाला आत ठेवलं. बाळानं हातपाय झाडले, सुई हलत राहिली. आम्ही तिघी काट्याकडं बघत होतो. सुई थांबली.

"किती?" मी विचारलं.

"उणं चाळीस." तिनं बाळाला झोळीतून काढलं, पण लगेच लेकीकडं दिलं नाही. छातीशी धरून उभी राहिली. "खुणंच्या खाली हाय बाई," ती म्हणाली. "पण हाय."

मग तिनं बाळ माझ्याकडं दिलं, वही घेतली आणि चाळीसच्या आधी ती छोटीशी आडवी रेघ मारली. हात कुठं थांबला नाही.